तपासणीचा ट्रे

सोमवारी सकाळी लॅबमध्ये आले, टेबलाशी स्टूल ओढलं, दांडीवर पाय टेकवायला म्हणून खाली पाहिलं, तर डाव्या पायात चप्पल नव्हती. उजव्यात होती. डावा पाय उघडाच. टाच काळी झालेली, अंगठ्याजवळ एक बारीक खडा रुतून बसलेला आणि त्याच्याभोवती रक्ताचा ठिपका, तोही सुकलेला. म्हणजे बसच्या पायरीवर कुठंतरी ती गळून पडली असणार आणि तिथून पुढं दोन वळणं, एक सिग्नल, एकोणीस पायऱ्या मी एका पायानं अनवाणी चालत आले होते. मला पत्ता नाही. रस्त्यात लोकांनी पाहिलं असेल. सिग्नलला माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाईनं एकदा खाली आणि एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं होतं, आणि मी तिच्याकडे बघून ओळखीचं हसलेही होते, तिला माझी साडी आवडली असेल असं समजून. आमच्याकडे दात भाजायची भट्टी सांभाळणारा भट्टीवाला टेबलाखाली वाकला आणि म्हणाला, “ताई, दुसरी मागच्या बसनं येतेय वाटतं?” “हो ना,” मी म्हटलं, “फार गर्दी होती, तिला चढताच आलं नाही.” तो हसला, मीही हसले. मग बाथरूममध्ये जाऊन कडी लावली आणि नळ सोडून त्याच्या आवाजात पाच मिनिटं उभी राहिले. रडले नाही. रडण्याइतकं काही नीट कळलंच नव्हतं. नुसती भीती वाटत होती, की आज चप्पल गेली आणि पायानं सांगितलं नाही. उद्या काय जाईल आणि मला कोण सांगेल?

आमची लॅब म्हणजे दातांची. दवाखान्यांतून साचे येतात, आम्ही पोर्सिलेनचे दात करून परत पाठवतो. भुकटी पाण्यात कालवायची, ब्रशच्या टोकानं थर चढवायचा, ओल टिपायची, भाजायचं, पुन्हा थर. लोकांना वाटतं दात पांढरा असतो. दात कधीच पांढरा नसतो. हिरडीपाशी तो पिवळसर असतो, मध्ये राखाडी, टोकाला जवळजवळ निळा, आणि कुणाच्या एका दातावर लहानपणच्या तापाची आडवी रेघ असते, तीसुद्धा काढावी लागते, नाहीतर शेजारचे दात त्याला ओळख देत नाहीत. वीस वर्षं मी हेच करतेय. आमच्या सरांनी, लॅब त्यांचीच, पहिल्या दिवशी मला एक नियम सांगितला होता: आपला दात आपण पास करायचा नाही. झालेला दात तपासणीच्या ट्रेमध्ये इतरांच्या तीन दातांबरोबर ठेवायचा, चिठ्ठीवर फक्त नंबर, नाव नाही, आणि दुसऱ्यानं खिडकीच्या उजेडात बघून सांगायचं. “केलेल्या माणसाला एक तर त्यात काही चुकलेलं दिसतच नाही,” सर म्हणायचे, “नाहीतर चुकलेलंच तेवढं दिसतं. दोन्ही डोळे निकामी.” पास झालं तर ते तसंच जातं, नापास झालं तर चिठ्ठीवर लाल पेन्सिलीचं गोल येतं आणि काम परत. गोल कुणी काढलं हे विचारायचं नाही, दात कुणाचा हेही विचारायचं नाही. या नियमामुळे आमच्यात भांडणं झाली नाहीत, आणि खरं सांगायचं तर मैत्र्याही फारशा झाल्या नाहीत.

आजारानं पहिल्यांदा हात घातला तो रंगालाच. पाच वर्षांपूर्वी एका दुपारी दातांच्या छटांची, शेडची पट्टी बघताना उजव्या डोळ्याला ती सगळी पट्टी मळकट दिसायला लागली, सरांची लाल पेन्सिल तपकिरी. डावा डोळा झाकला की जग जुनं व्हायचं, उघडला की नवं. दोन महिन्यांनी रंग परत आले, बरेचसे. मग वर्षभरानं पोटाभोवती कुणी पट्टा आवळल्यासारखं झालं, मग तेही गेलं, आणि मग डावा पाय. मेंदूच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. नसांवरचं वेष्टण जागोजागी झिजतं, निरोप वाटेत अडकतात, कधी पोचतात कधी नाही. औषध आहे, बरं करणारं नाही, धरून ठेवणारं. मी म्हटलं, बरं. लॅबमध्ये मी सांगितलं चष्म्याचा नंबर बदललाय. नंतर सांगितलं कंबर धरलीय. चव्वेचाळिसाव्या वर्षी कंबर धरलेल्या बाईला कुणी काही विचारत नाही, उलट आपल्या कमरेचं सांगत बसतात. पायाचं नाव मी पाहुणी ठेवलं. घरात एक पाहुणी येऊन राहिलीय, खाते पिते, कामाला हात लावत नाही आणि जायचं नाव काढत नाही. पाहुणीकडे मी बघायचं सोडलं होतं. आंघोळ करतानासुद्धा तिला चाचपून साबण लावायचा, नजर नळाकडे.

नवऱ्याला अर्थात माहीत होतं, पण त्याचं कळणं माझ्या अंगावर यायचं. तो लिफ्ट तपासतो. इमारती-इमारतींतून जाऊन दोर, ब्रेक, दारं बघायची आणि शिक्का मारायचा हे त्याचं काम. चोवीस वर्षं आवाज ऐकून बिघाड ओळखणारा माणूस घरात माझी पावलं ऐकायला लागला. मी स्वयंपाकघरातून खोलीत निघाले की त्याचं वर्तमानपत्र थांबायचं. पान उलटायचं नाही, मी खुर्चीत बसेपर्यंत. त्यानं एक दिवस सतरंजी गुंडाळून माळ्यावर टाकली, म्हणाला धूळ फार धरते. मग बाथरूमच्या भिंतीला एक स्टीलची दांडी बसवली. “हे काय?” “टॉवेलला.” “टॉवेलला दांडी आहे.” “ओल्या टॉवेलला.” माझ्या वजनाची दुप्पट माणसं लोंबकळली तरी निघणार नाही अशी ती दांडी, आणि त्यावर ओला टॉवेल. मला त्याच्यावर प्रेम वाटायला हवं होतं आणि वाटत होता राग. माझ्या पायाची बातमी मला नव्हती आणि त्याला होती, याचा राग. सोमवारी संध्याकाळी लॅबच्या रबरी सपाता घालून घरी आले तेव्हा त्यानं एकदा माझ्या पायांकडे पाहिलं, आणि मंगळवारी माझ्यासाठी मागून पट्टा असलेल्या नव्या चपला दाराशी ठेवलेल्या होत्या. मी त्या ओलांडून कपाटातल्या दुसऱ्या जुन्या, बिनपट्ट्याच्या, काढल्या आणि घालून गेले. हा मूर्खपणा होता हे मला दाराबाहेर पडतानाच कळलं होतं, पण परत कोण जातंय.

पिलाटेस नावाच्या व्यायामाच्या वर्गात मला नवऱ्यानंच ढकललं होतं, आठ आठवड्यांपूर्वी. औषधाच्या दुकानावर एक मोठी खोली आहे, एका भिंतीला पूर्ण आरसा, तिथं शनिवारी सकाळी नऊला आमच्यासारख्या पाच जणांचा वर्ग असतो. तिथं मला दातवाली म्हणतात. पुढं आरशापाशी ड्रायव्हरकाका, निवृत्त बसड्रायव्हर, हत्तीएवढा माणूस, त्यांना उठताना आरशाखालचा गज धरावा लागतो म्हणून पहिली चटई त्यांची. त्यांच्यामागे मी. माझ्यामागे कॉलेजवाली, वीस वर्षांची, बारीक, आजार कळून पुरतं वर्षही झालेलं नाही. ती मला काकू म्हणते आणि दर वेळी मला ते लागतं. तिच्यामागे आणखी दोघं, जे फारसं बोलत नाहीत. फरशी गुळगुळीत म्हणून वर्ग घेणाऱ्या बाईंनी सगळ्यांना एकाच रंगाचे मोजे दिलेत, राखाडी, तळव्याला रबराचे ठिपके असलेले. विजारी सगळ्यांच्या काळ्या. पहिल्या दिवशी बाईंनी एक कागद भरून घेतला. गेल्या पंधरा दिवसांत मला स्वतःच्या शरीरावर भरवसा वाटला. मला उद्याची भीती वाटली. मी एखाद्या गोष्टीत रमले. पुढं चौकोन: कधीच नाही, कधीकधी, बऱ्याचदा, नेहमी. मी वरपासून खालपर्यंत कधीकधीवर खुणा केल्या. कधीकधी हा फार सोयीचा शब्द आहे, तो डॉक्टरांनाही चालतो आणि नवऱ्यालाही. व्यायाम म्हणजे तरी काय, मला पळापळ अपेक्षित होती. इथं झोपायचं आणि श्वास घ्यायचा. फासळ्या बाजूंना रुंद करायच्या, सोडताना पोटाच्या आतला पट्टा हळूच आवळायचा, आणि मग कुठं पाय हलवायचा, तोही इतका सावकाश की बघणाऱ्याला वाटावं बाई झोपली. “पाय उचलू नका,” बाई म्हणायच्या, “पायाला निरोप पाठवा. आणि वाट बघा. तो वेळ घेईल.” मी मनात म्हणायचे, बाई, आमच्याकडच्या टपालाचं काय झालंय ते तुम्हाला ठाऊक नाही. पण एक झालं होतं, तेही मी कुणाला कबूल केलं नव्हतं: त्या दीड तासात भीती बोलायची नाही. श्वास मोजत असलेल्या माणसाला भ्यायला सवड नसते. साडेदहाला जिना उतरताना ती पुन्हा माझा हात धरायची.

गुरुवारी संध्याकाळी नवरा यायच्या आधी मी राजीनामा लिहिला. सोमवारपासून तीन दिवस मी एकही दात बिघडवला नव्हता, हात नीट होते, डोळा नीट होता, पण मी काम करत नव्हते, वाट बघत होते. ब्रश सुटायची, रंग मळकट व्हायची. बुधवारी एक समोरचा दात करताना मी तीन वेळा उजवा डोळा झाकून पाहिला. दातापेक्षा माझ्याकडेच माझं जास्त लक्ष. कुणीतरी आपल्याला जायला सांगावं, त्याच्या आत आपणच काढता पाय घ्यावा, असं मी ठरवलं. आणि हे शब्द मनात आल्यावर मला त्याही स्थितीत हसू आलं, कारण माझा पाय कुणी काढून घेतला तरी मला ते कळलं नसतं. पत्र चार ओळींचं होतं. प्रकृतीच्या कारणास्तव. सरांच्या तोंडावर द्यायची हिंमत झाली नाही. शुक्रवारी निघताना सर साचे मोजत मागच्या खोलीत होते, तेव्हा पाकीट त्यांच्या तपासणीच्या ट्रेमध्ये ठेवलं, चार दातांच्या शेजारी. सर शनिवारी सकाळी अकराला, खिडकीत ऊन न येता उजेड येतो तेव्हा, ट्रे उघडतात. मी वर्गातून तिथं पोचेपर्यंत त्यांनी वाचलेलं असेल, म्हणजे बोलावं लागणार नाही. वीस वर्षांचं काम मी असं, चोरासारखं, टाकून आले आणि घरी येऊन भाजी चिरली.

शनिवारी आम्ही उजव्या कुशीवर होतो, तोंडं आरशाकडे, डोकं दंडावर, वरचा डावा पाय हळूहळू कमरेच्या उंचीला आणि मग त्याहून थोडा वर. “मान लांब. खाली बघायचं नाही,” बाई म्हणाल्या. “निरोप पाठवा.” मी पाठवला. पोचपावती नाही, नेहमीसारखीच. माझ्यासमोर ड्रायव्हरकाकांची पाठ, पलीकडे आरसा, आणि आरशातही ड्रायव्हरकाकाच. त्यांच्यामागची आम्ही सगळी त्या माणसाच्या आड गडप झालेली. फक्त वर उचललेले पाय तेवढे दिसत होते, राखाडी मोजे, एकामागे एक, कुणाचा कुठला सांगता न येणारे. काकांचा मात्र कळायचा, तो गाडी उभी असून इंजिन चालू असावं तसा थरथरत असतो. त्याच्यामागे आणखी दोन दिसत होते. एक बाहेरच्या बाजूला लोंबत होता, बोटं आत वळलेली, दर श्वासाला थोडा थोडा खाली येत. ती माझी पाहुणी, मी लगेच ओळखली. लाजही वाटली, की चारचौघांत ही अशी. आणि दुसरा पाय. दुसऱ्या पायाकडे मी बघतच राहिले. तो उंचीवर जाऊन थांबला होता. ताणलेला नव्हता, थरथरत नव्हता, टाच, घोटा, बोटं एका रेषेत, आणि त्या रेषेत काही ठासून केलेलं नव्हतं. वीस वर्षांची सवय, चार वस्तू ओळीत दिसल्या की माझा डोळा त्यातला खरा कुठला ते शोधतो. मी डोळे अर्धे मिटले, जसं खिडकीशी मिटतो, आणि मनातल्या मनात म्हटलं, पास. कॉलेजवालीचा पाय आहे, वीस वर्षांचा आहे, का नसेल. मला तिचा हेवा वाटला नाही, हेच आश्चर्य. मला नुसतं बरं वाटलं, की या खोलीत एक तरी पाय असा आहे. आजार असून असा राहता येतो. त्या पायाकडे बघताना माझ्या कानांतलं सगळं गेलं, गुरुवार गेला, पाकीट गेलं, खालच्या दुकानाच्या शटरचा आवाज गेला. मी श्वास घेत होते आणि तो पाय तिथं होता.

मग आरशातला लोंबता पाय खाली गेला आणि दिसेनासा झाला. काकांचा थरथरत खाली गेला. तो एकटा मात्र वरच. मला गंमत वाटली, बघा पोरगी, हौस आहे तिला दाखवायची. बाई आरशात दिसल्या, चालत आल्या, वाकल्या आणि त्यांनी दोन बोटं त्या पायाच्या घोट्याखाली धरली. मी बघत होते. आणि मग, बघून झाल्यावर केव्हातरी, जाड गोधडीच्या आतून कुणी दाबावं तसा, माझ्या घोट्याला एक दाब कळला. “दातवाली,” बाई म्हणाल्या, “खाली आणा म्हटलं मी कधीचं. लक्ष कुठंय?” मी मान खाली करून पाहिलं, बाईंचा नियम मोडून. माझी कंबर, माझी काळी विजार, माझा गुडघा, आणि त्याच्यापुढं तो पाय, त्यांच्या बोटांवर. मी म्हटलं, “हा माझाय?” ड्रायव्हरकाका तिकडे तोंड करूनच म्हणाले, “बघा बरं, माझा तर नाही ना? माझे दोन इथं आहेत.” सगळे हसले, मागचे न बोलणारे दोघंही. मी पाय खाली आणला. येताना पाहिला, पूर्ण, शेवटपर्यंत. तो सावकाश आला, सांगितलं तसा. मग मला रडू आलं. सोमवारी नळाशी आलं नव्हतं ते सगळं आलं, कुशीवर झोपल्या झोपल्या, नाकावरून आडवं वाहत दंडावर. बाई म्हणाल्या, “श्वास सोडतानाच रडा, सोपं जातं,” आणि पुढच्या चटईकडे गेल्या. मागून कॉलेजवाली हळूच म्हणाली, “काकू, मी तुमच्याच पायाकडे बघत होते. म्हटलं तो खाली येत नाही तोवर आपणही ठेवायचा. पण जमलं नाही शेवटी.” म्हणजे तो लोंबणारा तिचा होता. वीस वर्षांच्या पोरीचा. मी मागे वळून तिचा हात धरला आणि तिला सांगितलं की पुढच्या वेळी जमेल, आणि न जमलं तरी मी तो पाय बघितलाय, त्याच्यात चुकीचं काही नाही, फक्त दमलेला आहे. हे मी थापा मारत नव्हते, दमलेलं आणि बिघडलेलं यातला फरक मला कळतो. ती काकू म्हणाली होती तेही त्या दिवशी लागलं नाही.

आठ आठवडे झाले म्हणून बाईंनी पुन्हा तोच कागद दिला. मी पहिल्याच ओळीशी अडकले. स्वतःच्या शरीरावर भरवसा वाटला. पंधरा दिवसांत की पंधरा मिनिटांत, असं विचारावंसं वाटलं. तेवढ्यात भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झालेली दिसली आणि मला ट्रे आठवला. अकराला सर पाकीट उघडणार होते. प्रकृतीच्या कारणास्तव. चार ओळींत एकदाही मी त्या पायाकडे बघून लिहिलेलं काही नव्हतं. माझा दात मीच, अंधारात, न बघता नापास करून आले होते. वीस वर्षांत असा गाढवपणा लॅबमध्ये कुणी केला नव्हता. “बाई, मी पुढच्या वेळी भरते,” म्हणत मी कागद दुमडून पर्समध्ये टाकला. घाईनं जिना उतरता येत नाही मला, गज धरून एकेक पायरी, आणि दर पायरीला मी पाहुणीला म्हणत होते, चल बाई, आज तुझंच काम आहे. बस आली, बसायला जागाही मिळाली. बसल्यावर गंमत अशी वाटली की मी घाबरलेली होते, चांगलीच, पण ती भीती ओळखीची होती, कुणालाही वाटेल अशी, नोकरी हातची जाईल ही. धडधाकट माणसांची भीती. अशी भीती वाटून मला कितीतरी दिवस झाले होते.

एकोणीस पायऱ्या चढून गेले तेव्हा अकराला सात मिनिटं होती आणि सर खिडकीशी बसलेले होते, ट्रे समोर, भिंग कपाळावर. पाकीट दातांच्या शेजारी तसंच, न उघडलेलं. मी दम घेत म्हटलं, “सर, ते पाकीट.” सरांनी ते चिमट्यानं उचललं, दाताला उचलतात तसं. “हे काय आहे? याला चिठ्ठी नाही, नंबर नाही. बिननंबरचं काम मी उघडत नाही, तुला माहीत आहे. तुझं आहे?” “हो.” “काय केलंयस यात?” मी म्हणू शकले असते काही नाही, सुट्टीचा अर्ज. हात पुढं करून घेऊ शकले असते. पण एकदा आपलं आहे म्हटल्यावर नियमाप्रमाणे ते दुसऱ्याला दाखवावं लागतं. मी भट्टीवाला तिथं असतानाच सांगितलं. चष्म्याचा नंबर नव्हता आणि कंबरही नव्हती. आजाराचं नाव सांगितलं, पूर्ण; लॅबच्या हवेत ते पहिल्यांदाच ऐकलं आणि मला वाटलं होतं तितकं मोठं ते नव्हतं. सोमवारची चप्पल सांगितली. भट्टीवाला म्हणाला, “अरे देवा, आणि मी चेष्टा केली.” “चांगली होती चेष्टा,” मी म्हटलं. सरांनी कपाळावरचं भिंग काढून ठेवलं. मग त्यांनी ट्रे माझ्याकडे सरकवला. “आधी हे बघ.”

चार दात होते. मी खिडकीशी उभी राहिले, डोळे अर्धे मिटले. पहिला ठीक, दुसरा चांगला, चौथा भट्टीवाल्याचा असणार, तो थोडा जास्त चकाकवतो, पण चालेल. तिसऱ्याशी थांबले. “तिसरा परत, सर. टोकाचा निळा थर जाड झालाय. रंगाची समज आहे, पण हात स्थिर नाही, इथं ब्रश दोनदा टेकलाय.” “नक्की?” “नक्की.” “डोळ्यात काही नाही ना तुझ्या?” “नाही. डोळा साफ आहे.” सरांनी लाल पेन्सिल घेतली, तिसऱ्याच्या चिठ्ठीवर गोल काढलं आणि म्हणाले, “माझा आहे.” मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. सरांनी हातानं काम सोडून तीन वर्षं झाली होती, असं आम्ही सगळे समजत होतो. “सकाळी तुम्ही यायच्या आधी एखादा करतो,” ते म्हणाले. त्यांनी आपला उजवा हात ट्रेवर पसरला. बोटं हलत होती, बारीक, थांबत नव्हती. “कुणाला सांगितलं नाही. ट्रेमध्ये सरकवून देतो. गेल्या महिन्यात तू मला तीनदा नापास केलंस. पंधरवड्यापूर्वी एकदा पास केलंस, तेव्हा घरी जाऊन बायकोला सांगितलं, मुलाला पहिला नंबर मिळाल्यासारखं. तू नसशील तर मला कोण सांगणार? हा?” त्यांनी भट्टीवाल्याकडे मान उडवली. “याला सगळंच छान दिसतं.” “सर, पण माझा पाय...” “पायानं आपण दात करत नाही,” सर म्हणाले, आणि तीच लाल पेन्सिल घेऊन माझ्या पाकिटावर गोल काढलं, थरथरतं, एका बाजूला चेपलेलं, आणि पाकीट माझ्या हातात ठेवलं. “परत. आणि सोमवारपासून पाठ असलेलं स्टूल मागवतो. दोन मागवतो, मलाही हवंय. शनिवारी यापुढेही अकरानंतर आलीस तरी चालेल. अजून काही लागलं तर तोंडानं सांग. पाकिटात घालू नकोस.” मला पुन्हा रडू येणार असं वाटलं, पण हसू आलं. मी म्हटलं, “गोल नीट आलं नाहीये, सर.” “तेही परत,” ते म्हणाले.

दोनला लॅब सुटली. बसमध्ये खिडकीशी बसून मी पर्समधला बाईंचा कागद काढला आणि पाकीट मांडीवर ठेवून त्यावर धरून भरला. उद्याची भीती वाटली: बऱ्याचदा. एखाद्या गोष्टीत रमले: कधीकधीवर पेन टेकवलं, मग काढून पुढच्या चौकोनात नेलं. पहिली ओळ तशीच कोरी ठेवली, ती मला एकटीला पास करायची नव्हती. आजार होता तिथंच होता. उद्या रंग मळकट होऊ शकतो, पाय निरोप घेईनासा होऊ शकतो, हे सगळं मला माहीत होतं आणि ते माहीत असूनही मला इतकं हलकं वाटत होतं की शेजारच्या माणसाला ते सांगावं की काय असं वाटलं. स्टॉपवर नवरा उभा होता. शनिवारी तो घरी झोपतो. “इकडे सहज आलो होतो,” तो म्हणाला. “कशाला?” “सहज.” मी बसच्या पायऱ्या उतरत असताना त्यानं हात पुढं केला नव्हता, खिशातच ठेवला होता, पण त्याचा सगळा जीव कानात आलेला मला दिसत होता. त्याचा राग आला नाही. बिचारा माझी तपासणी करत होता, स्वतःहून, रोज, आणि एकदाही त्यानं लाल गोल काढलं नव्हतं. मी त्याला म्हटलं, “सोमवारपासून त्या पट्ट्याच्या घालीन.” तो म्हणाला, “कुठल्या?” इतकं वाईट खोटं बोलणारा माणूस मी पाहिलेला नाही. मी त्याच्या खिशातला हात बाहेर काढून धरला आणि आम्ही निघालो. उतरताना मी खाली पाहिलं नव्हतं, हे माझ्या चार पावलांनंतर लक्षात आलं. तेव्हा पाहिलं. दोन्ही चपला होत्या.